थुंकी, बेडका, बेडूक

माझे सासरे निवृत्त मुद्रितशोधक होते. नारायण पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी उभी हयात दुसऱ्यांच्या चुका काढण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर तोच उद्योग फुकटात चालू ठेवला. घरात लग्नपत्रिका आली की आधी लाल पेन बाहेर यायचं, मुहूर्त नंतर बघितला जायचा. कोपऱ्यावरच्या वाण्याने पाटीवर 'शुध्द तुप' लिहिलं होतं, म्हणून आम्ही तूप दोन चौक पलीकडून आणायचो. वाणी एकदा अजिजीने म्हणाला, "काका, तूप चांगलं आहे हो." बाबा म्हणाले, "असेल. पण मला तूप हवंय, तुप नको."

माझा नवरा तेव्हा अमेरिकेत होता. दोन हजार साल जवळ येत होतं, ते लागेल त्या रात्री जगातले सगळे संगणक घोळ घालणार अशी हवा होती आणि तो घोळ आधीच निस्तरायला पुण्यातून पोरं विमानं भरभरून चालली होती. मी त्याच धंद्यात होते, पण इथे. नवरा इंग्रजी अक्षरांत मराठी ईमेल पाठवायचा, मी ते ऑफिसात छापून घरी आणायची आणि बाबा तो कागद लाल पेन घेऊन वाचायला बसायचे. इंग्रजी अक्षरांना वेलांटी कुठून द्यायची ते त्यांना कळायचं नाही. मुलगा लांब गेल्याच्या दुःखापेक्षा हे दुःख मोठं असावं, असं मला कधीकधी वाटायचं.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. तेव्हा घरात मी, बाबा आणि माझी अडीच वर्षांची मुलगी. मी सकाळी दुचाकीला किक मारून निघून जायची आणि संध्याकाळी परतेपर्यंत ती पोरगी आजोबांच्या मांडीवर असायची. तिथेच जेवायची, तिथेच झोपायची, तिथेच बोलायला शिकली. ती 'पानी' म्हणाली की ते 'पाणी' म्हणायचे. ती 'बाल' म्हणाली की ते 'बाळ' म्हणायचे, आणि तिला तो 'ळ' जमेपर्यंत बाहुली परत मिळायची नाही. मला पोरीची दया यायची. पण पाळणाघरातल्या कुठल्याही बाईने तिला इतका वेळ दिला नसता हेही मला माहीत होतं. माझी नोकरी त्या मांडीच्या भरवशावर चालली होती.

त्या वर्षी बाबांना खोकला लागला आणि तो काही जाईना. काढा झाला, मध झाला, ज्येष्ठमध झालं. संध्याकाळी अंग कोमट लागायचं, सदरा खांद्यावरून ओघळायला लागला. आमचे नेहमीचे डॉक्टर दोन गल्ल्या सोडून बसायचे. शब्द विकत आणल्यासारखे ते जपून वापरायचे. त्यांनी एक्स-रे काढून आणायला सांगितला, तो खिडकीच्या उजेडात धरला आणि उजव्या फुफ्फुसाच्या टोकाशी बोट ठेवलं. तिथे एक पांढुरकी सावली होती.

"टीबी असू शकतो," ते म्हणाले. "थुंकी तपासून घ्या. तोपर्यंत नातीला जवळ घेऊ नका."

पहिलं वाक्य बाबांनी शांतपणे ऐकलं. दुसऱ्यावर त्यांचा चेहरा पडला.

घरी येताना ते एवढंच म्हणाले, "आपल्या घरात कुणाला झालेला नाही." जंतू घराणं बघून येतो अशी त्यांची समजूत असावी. मग त्यांनी स्वतःचं ताट, वाटी आणि कपबशी वेगळी काढून ठेवली, आणि मी ऑफिसात रजा टाकली.

तीन सकाळी बाबा स्वतः नमुना घेऊन प्रयोगशाळेत गेले. मला डबी बघूही दिली नाही. सासऱ्याची थुंकी सुनेने बघावी असं आमच्या घरात नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही हौस नव्हती. रिपोर्ट आला तेव्हा ते दारातूनच म्हणाले, "जंतू आढळले नाहीत. तिन्ही वेळा." डॉक्टरांनी सावलीकडे पुन्हा पाहिलं, साधा संसर्ग असेल म्हणून गोळ्या दिल्या आणि त्या संपल्या की परत यायला सांगितलं. आम्ही येताना श्रीखंड आणलं. पोरगी मांडीवर परत गेली, मी ऑफिसात परत गेले.

गोळ्या संपल्या. खोकला होता तिथेच होता. या वेळी पोरीला ठेवायला कुणी नव्हतं म्हणून तिलाही दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बाबांचं वजन केलं, काट्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि विचारलं, "नमुना कसा दिलात?"

बाबांना हा प्रश्न आवडला. कामाची पद्धत विचारली की ते खुलत. "सकाळी उठल्याबरोबर दात घासले," ते म्हणाले. "मग चूळ भरली. मग मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या. तोंड अगदी स्वच्छ झाल्यावर डबीत थुंकलो. तिन्ही दिवस तस्सं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मला तुमची फुफ्फुसं तपासायची होती. तुम्ही मला तोंड धुतल्याचा दाखला आणून दिलात."

"आपण थुंकी मागितलीत. चिठ्ठीवरही थुंकी असंच लिहिलं आहे. आम्ही थुंकी दिली."

"ती लाळ. ती तोंडात तयार होते. हे जंतू खाली छातीत बसलेले असतात. तिथून खोकून वर येतं ते पाहिजे."

"मग तसा शब्द वापरायला हवा होता," बाबा म्हणाले. शब्दाच्या बाबतीत ते कुणाच्या बापाला ऐकणारे नव्हते. "दोन वेगळ्या वस्तू आहेत. भाषेत दोन वेगळे शब्द आहेत."

"बरोबर," डॉक्टर म्हणाले. "कोणता आहे दुसरा शब्द?"

 बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे पाहिलं. दुसरा शब्द आम्हां दोघांनाही येत होता. पण आमच्या घरात तो उच्चारला जात नसे. सर्दी झाली की 'कफ' व्हायचा, त्यापुढे काही व्हायचं नाही. खोकताना काही वर आलंच, तर माणूस मोरीत जाऊन नळ सोडायचा आणि नळाच्या आवाजात काय ते उरकून यायचा. असा शब्द सुनेसमोर बोलण्यापेक्षा बाबांनी ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली असती.

"बेडका," डॉक्टरच म्हणाले. "बेडका पाहिजे मला. छातीतला, घट्ट, पिवळा."

आत्तापर्यंत खुर्चीखाली बसलेली माझी मुलगी एकदम बाहेर आली. "बेडूक? कुठाय?"

डॉक्टर हसले. मी इतकी वर्षं त्यांच्याकडे जात होते, त्यांना दात आहेत हे मला त्या दिवशी कळलं. "आजोबांच्या छातीत बसलाय," ते तिला म्हणाले. "तो बाहेर काढायचा आहे."

मग त्यांनी कृती सांगितली. सकाळी, उघड्यावर, गच्चीत. तोंड नुसत्या पाण्याने धुवायचं. खोल श्वास घ्यायचा, थोडा धरायचा, सोडायचा, पुन्हा घ्यायचा, आणि मग पोटातून खोकायचं. लाजायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही गच्चीवर गेलो. बाबा टाकीपलीकडे डबी घेऊन उभे राहिले. मी लांब जिन्याच्या दाराशी, त्यांच्याकडे पाठ करून, पोरीचा हात धरून. बाबांनी श्वास घेतला आणि सभेत भाषणापूर्वी खाकरावं तसं अत्यंत सभ्यपणे खाकरले. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईंनी लगेच विचारलं, "बरं नाही का?" बाबा म्हणाले, "छे छे, बरंय की," आणि गप्प उभे राहिले. त्या खाली जाईपर्यंत फुफ्फुसांचं काम स्थगित.

"बाबा, पोटातून," मी टाकीला ऐकू जाईल एवढ्याने म्हणाले.

"मला कळतं."

पुन्हा एक सभ्य खाकरा. तेवढ्यात माझी मुलगी जीव खाऊन ओरडली, "बेडूक, बाहेर ये!"

बाबांना हसू आलं. हसता हसता खरा खोकला आला, पोटातून, खालून, आमच्या घराण्यात पूर्वी कुणी काढला नसेल असा. मोरी नव्हती, नळ नव्हता, अख्खी नारायण पेठ ऐकत होती. तो संपल्यावर झाकण फिरवल्याचा आवाज आला. बाबा टाकीमागून आले तेव्हा डोळे पाण्याने भरले होते. "आला," ते म्हणाले.

या वेळी जंतू सापडले. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, मला बघता येतील का? आमच्या धंद्यात बग, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक, डोळ्यांनी बघितल्याशिवाय आम्ही तो आहे असं मानत नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शकासमोरची खुर्ची मला दिली. निळ्या मैदानात बारीक लाल काड्या पडल्या होत्या, काही किंचित वाकलेल्या, दोनतीन एकमेकींना चिकटून. बाई म्हणाल्या, याच्या अंगावर मेणासारखं आवरण असतं, एकदा लाल रंग आत गेला की आम्लाने धुतलं तरी निघत नाही, बाकी सगळ्यांचा निघतो, म्हणून हा ओळखू येतो. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. "लाल खुणा," ते म्हणाले. "आणि पक्क्या." त्यांना बहुधा जरा आदर वाटला.

पण डॉक्टरांसमोर बसल्यावर त्यांनी स्वतःबद्दल एक अक्षर विचारलं नाही. औषध काय, किती दिवस, काही नाही. त्यांनी विचारलं, "आणि ती?"

मीही तेच विचारणार होते. मधले सगळे दिवस ती त्या मांडीवर होती. श्रीखंड आणलं त्या दिवसापासून होती. मला बाबांचा राग आला होता, त्यांच्या गुळण्यांचा, त्यांच्या शब्दकोशाचा, आमच्या त्या नळ सोडून खोकण्याच्या सभ्यपणाचा. आणि त्याच वेळी त्यांनी टेबलाची कड घट्ट धरलेली दिसत होती, ते बघवत नव्हतं.

मुलीच्या हातावर कातडीखाली एक टोचणी दिली आणि ती जागा सुजते का ते बघायला पुन्हा बोलावलं. सूज आली नाही. एक्स-रे स्वच्छ निघाला. तरीही लहान मूल, घरात रुग्ण, म्हणून तिला काही महिने खबरदारीची गोळी सांगितली. ती मी जाममध्ये कालवून द्यायची. जाम ती खायची, गोळी गालात ठेवायची.

बाबांचं औषध लांबलं. हा जंतू आळशी आहे, डॉक्टर म्हणाले, इतर जंतू घटकाभरात दोनाचे चार होतात, याला एकदा दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस लागतो, म्हणून त्याला मारायलाही महिने लागतात. "इतका सावकाश काम करतो?" बाबा म्हणाले. "आमच्याकडे नोकरीला लागला असता." वेगळ्या कपबशीची गरज नाही, हेही डॉक्टरांनी सांगितलं. हा भांड्यांतून जात नाही, खोकल्यातून, बोलण्यातून हवेत जातो. कपाला शिक्षा करू नका, खिडक्या उघडा. पहिल्या आठवड्यात बाबा मोरीतून बाहेर आले ते गंभीर होऊन. औषधाने लघवी तांबडी होते हे मी त्यांना सांगायला विसरले होते. "जन्मभर वापरलेली शाई आता बाहेर पडते आहे," ते म्हणाले.

काही आठवड्यांनी डॉक्टर म्हणाले, आता नातीला जवळ घ्यायला हरकत नाही, औषध लागू पडलं आहे. बाबांनी मान हलवली आणि घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "शेवटचं प्रूफ बघितल्याशिवाय मी कधी छापायला सोडलं नाही." पुढच्या तपासणीत बेडका स्वच्छ निघाला तरच. तोवर पोरगी दिवसा पाळणाघरात जायची. संध्याकाळी तो माणूस गॅलरीत खुर्ची टाकून बसायचा आणि ती दारात उशीवर. मध्ये अख्खी खोली. तिथून ते तिला गोष्टी सांगायचे. ती मध्येच उठून धावत सुटायची आणि ते हात वर करायचे, वाहतूक पोलिसासारखे. ती थांबायची.  रोज ती विचारायची, "बेडूक गेला?" आणि ते म्हणायचे, "अजून नाही."

पुढचा नमुना द्यायची वेळ आली तेव्हा बाबांना आता काही शिकवावं लागलं नाही. पहाटे गच्चीवरून त्यांचा खोकला तळमजल्यापर्यंत ऐकू आला. खोकला कमी झाल्यामुळे काही वर यायलाच कष्ट पडले, पण ते लाळ घेऊन खाली आले नाहीत. शेजारच्या गच्चीवरून पुन्हा चौकशी झाली, तेव्हा मी जिन्यातून स्पष्ट ऐकलं. बाबा म्हणाले, "बेडका काढतोय."

रिपोर्ट मी संध्याकाळी ऑफिसातून येताना घेऊन आले. ते गॅलरीतच होते, ती दारात. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा पुसला, परत वाचला. नमुना लाळेचा होता की छातीतला, तेही वाचलं. मग खिशातलं लाल पेन काढलं आणि कोपऱ्यात बारीक बरोबरची खूण केली.

"आजोबा," ती दारातून म्हणाली, "बेडूक गेला?"

मी वाट बघत होते. बेडूक नव्हे, बेडका. आजवर त्या घरात बाबांच्या तोंडून एकही चुकीचा शब्द निघाला नव्हता.

"गेला," बाबा म्हणाले. "बेडूक गेला. ये."

ती खोली ओलांडून धावत गेली आणि त्यांनी हात वर केला नाही.