मावशीचं बोट

आमच्या मावशीइतकं संतापी माणूस रायगडच्या किनाऱ्यावर दुसरं असेलच, तर तिने ते आधीच गप्प बसवलेलं असणार. नागावात तिची वाडी आहे, आणि नारळ पडला तरी ती नारळावर खेकसते. पण खरा दरारा होता तिच्या बोटाचा. मूल दूध ओढेना, खोकलं, किरकिरलं, की बायका ते तिच्याकडे आणत आणि ती मिठात बुडवलेलं बोट घशात घालून त्याची पडजीभ उचलून देई. नुकतीच कोळंबी सोललेलं ते बोट बघून माझ्या अंगाचा तिळपापड होई. मी भांडायचो. "तुला रे काय कळतंय?" एवढंच उत्तर मिळे.

मग तिच्या मुलाला मुलगी झाली. श्वास घेताना तिच्या घशातून बारीक शिटी वाजे, उताणी निजवली की जास्त, आणि दूध पिताना छातीखाली खळगा पडे. मावशीने मीठ काढलं. आजवर चकार शब्द न काढलेल्या सुनेने पोर उचलली आणि तडक अलिबाग गाठलं. मावशी रागारागाने मागल्या रिक्षातून. डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक नळी घालून पाहिलं. स्वरयंत्र जन्मापासूनच मऊ आहे, श्वासाबरोबर आत ओढलं जातं. बहुतेक मुलांचं वाढत्या वयात सुधारतं. बाळाला उभं धरून दूध पाजा, वजन बघत राहा, ओठ निळे पडले तर धावत या. "आणि घशात कुणाला बोट घालू देऊ नका. आत सूज आली तर श्वास कोंडेल."

घरी आल्यावर मावशीचा राग दुप्पट झाला, पण त्याची दिशा फिरली. मध चाटवायला आलेल्या नणंदेला तिने उंबऱ्यावरूनच परतवलं. "आवाज येतोय, व्हय, येतोय. तुजं काय जातंय?" नातीला खांद्याशी उभी धरून ती वाडीत फेऱ्या घाली, कान त्या शिटीकडे. शिटी जरा थांबली की तीही जागीच थांबे. एकदा मला म्हणाली, "कुनाकुनाच्या घशात बोट घातलंय रे मी. त्यातल्या कुनाचं आसंच आसलं तर?" इतकी वर्षं मी ज्यासाठी भांडलो ते तिने स्वतःच म्हटलं.

पोर आता अंगणवाडीत जाते. परवा मी फाटकाशी पोचलो तेव्हा तिने विहिरीपलीकडून आजीला खणखणीत हाक मारली. मला रस्त्यावर ऐकू आली. मावशी तर तिच्यापासून चार हातांवर बसली होती.

"काय गो? ऐकू न्हाय आलं. परत मार हाक."

पोरीने पुन्हा हाक मारली. मावशी म्हणाली, अजूनही न्हाय आलं.