नायिकेच्या नावाची जागा

काल सुनेनं केसांना डाय लावला आणि अमोनियाचा वास घरभर पसरला. मी उगाच दोनदा खिडकीपाशी जाऊन आले.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा बाबा तिथे ड्राफ्ट्समन होते. रद्द झालेले नकाशे ते क्वार्टरवर आणत आणि अमोनियाच्या वाफेवर छापलेल्या त्या कागदांना हाच वास यायचा. आमच्या वह्यांना कव्हरं त्यांचीच. कॉलेजच्या नाटकाचं पोस्टरही मी अशाच एका नकाशाच्या पाठीवर रंगवलं. घरी सांगितलं होतं, मी फक्त पोस्टर करते. खरं तर नायिका मीच होते. सगळ्यांची नावं लिहून झाली, माझं तेवढं राहिलं. ब्रश पाण्यात बुडवत होते, काढत होते, पुन्हा बुडवत होते.

बाबा ड्यूटीवरून आले. "ही जागा कावून रिकामी सोडली?"

"माझं अक्षर बिघडते, बाबा."

"दे मले. कोनाचं नाव टाकाचं हाय?"

"कुसुमचं." तोंडातून मैत्रिणीचं नाव निघून गेलं.

नकाशावर लिहीत तसं, पट्टी लावून, त्यांनी ते ठाशीव अक्षरांत काढलं.

नाटकाला बाबा तिसऱ्या रांगेत दिसले. शेवटपर्यंत मी त्या रांगेकडे पाहायचं टाळलं. परतताना ते सायकल हातात धरून माझ्या शेजारून चालले. क्वार्टर दिसू लागल्यावर म्हणाले, "कुसुमनं बढिया काम केलं. सांगजो तिले."

ती शाबासकी होती की शिक्षा, हे विचारायचं राहूनच गेलं.

कुसुमला मी अजून सांगितलेलं नाही.