खोल्या दिल्या, माती नाही

अकोल्यात आम्ही भाड्यानं राहायला आलो, तेव्हा स्वयंपाकघरामागे एक ओसाड तुकडा होता. फुटक्या फरश्या, गाजरगवत आणि कोणीतरी टाकून दिलेली मोडकी बाज. दर्यापूरहून बदली होऊन आलेला माझा नवरा सकाळी ऑफिसात गेला की अंधार पडल्यावरच यायचा. दसरा झाल्यावर मी तो तुकडा एकटीनं साफ केला. अंजनगावला शेती करणाऱ्या माझ्या भावानं घरच्या लाल कांद्याचं बी पुडीत बांधून दिलं होतं.

घरमालक वरच्या मजल्यावर राहायचे. रिटायर झालेले, गॅलरीत खुर्ची टाकून दिवसभर खाली पाहत बसायचे. मी वाफा उंच करून त्यात शेणखत कालवत होते, तर वरून आवाज आला, "मॅडम, मी तुमाले दोन खोल्या देल्ल्या. माती नाही देल्ली."

"काका, इथं नुसतं गवत होतं."

"माह्यं गवत होतं ना पण!"

मी ऐकलं नाही. रेघा ओढून बी पेरलं, चाळलेली माती टाकली, वरून गोणपाट झाकलं. काही दिवसांनी गोणपाट उचललं, तर सुईसारखे बारीक, मान वाकवलेले हिरवे कोंब. डोक्यावर बियांची काळी टरफलं तशीच चिकटलेली.

त्याच आठवड्यात काकांनी स्कूटर धुवायची जागा बदलली. इतके दिवस फाटकाबाहेर धुवायचे, आता मागे, नेमकी वाफ्याच्या वरच्या अंगाला. साबणाचं पाणी थेट रोपात. बघता बघता अर्धं रोप बुडाशी सडून आडवं झालं. अंगणाच्या कोपऱ्यातल्या विटा आणून मी बांध घातला. सकाळी उठून पाहते, तर विटा गायब.

"माह्या होत्या, उचलल्या," काका म्हणाले.

"आन् पानी इकडंच काहून सोडता?" मीही आमच्या बोलीवर आले.

"घर माह्यं, पानी माह्यं. ज्याले जमत नसन त्यानं दुसरं घर पाहावं."

हे नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "जाऊ दे ना. बजारात कांदे भेटत नाहीत का?" त्या दिवशी मी त्याच्याशीही बोलले नाही. उरलेलं रोप अजून कोवळंच होतं, तरी उपटलं आणि भिंतीकडच्या उंचवट्यावर चार-चार बोटांवर लावलं. तिथं त्यांचं पाणी चढत नव्हतं. स्कूटर मात्र मागेच धुतली जायची. मी समोर उभी राहून पाहायची, तेही माझ्याकडे पाहायचे.

थंडीत पात जोमानं आली. कांद्यांच्या लाल पाठी मातीबाहेर दिसायला लागल्या. एका दुपारी काका झोपलेले असताना काकू मागच्या दारी आल्या.

"थोडी पात देतं का वं बाई? झुणक्यात टाकतो."

काकूंनी माझं काही बिघडवलं नव्हतं. तरी मी म्हटलं, "काकाले विचारून या."

त्या परत गेल्या. मला बरं वाटलं.

मग काकांनी नवऱ्याला वर बोलावून सांगितलं, पुतण्या राहायला येऊन राहिला, महिनाअखेर खोल्या मोकळ्या करा. कांदा तयार होऊन पातीची मान पडायला अजून बराच वेळ होता, हे त्यांना कळत होतं. खुर्चीतून त्यांनी रोज तेच तर पाहिलं होतं.

सामान टेम्पोत चढत असताना मी मागे जाऊन एकेक कांदा उपटला. काका धावत खाली आले.

"अवो, राहू द्या ना ते! अजून कच्चे हायेत."

"कच्चेच खाईन."

लिंबाएवढे झालेलेही मी सोडले नाहीत. खड्डेही बुजवले नाहीत.

नव्या घराला अंगणच नव्हतं. जाड मानेचे ते कोवळे कांदे टिकणारे नव्हतेच. काही खाल्ले, काही शेजारी वाटले, उरलेले बाल्कनीत सडले. त्यांचा वास घरभर पसरला, तेव्हा नवऱ्यानं पिशवी उचलून बाहेर टाकली.

पुतण्या काही आला नाही. मूर्तिजापूरला एका लग्नात त्या गल्लीतली बाई भेटली, तिनं सांगितलं. आता काका नव्या भाडेकरूंना बजावतात म्हणे, आधीची बाई त्यांचे कांदे खणून घेऊन गेली.

"त्यांचे कांदे?" मी विचारलं.

"असं सांगतेत बाप्पा."

पुढ्यात जेवणाचं ताट होतं. कडेला कांद्याच्या फोडी होत्या. त्या मी खाल्ल्या आणि तिला सगळं पहिल्यापासून सांगायला बसले.