पटाच्या मांडवातली पसंती

माझं जमत आलेलं लग्न आमच्याच दोन बैलांनी मोडलं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात नुकताच नोकरीला लागलो होतो, त्यामुळे गावात साहेब! सिंदेवाहीकडच्या आमच्या गावचा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आजोबांच्याही आजोबांपासूनची. धान घरात आलं की पट भरायचा आणि इतके पाहुणे यायचे, की घरच्यांनी गोठ्यात झोपायचं. सोयरिकीही पटातच जमायच्या. त्या साली सोमाभाऊ बायकोला आणि लेकीला, कुंदाला, घेऊन मला पाहायला आले. कुंदा मला बघताक्षणी आवडली. आता फक्त मी तिला आवडायचा बाकी होतो!

त्यासाठी मी ठरवलं, यंदा बाबांच्या जागी छकड्यावर आपण बसायचं.

"तू नको बसू बापा," आई म्हणाली. "बैल तुयं ऐकत नाईत."

"एवढाल्या मशिनी चालवतो मी! बैल काय चीज हाये?" (मशिनी दुसरे चालवायचे. मी बाजूला उभा असायचो.)

खरं म्हणजे ते बैल कोणाचंच ऐकत नसत. सरावाच्या वेळी आई शेताच्या टोकाला ढेपीचं, म्हणजे पेंडीचं, टोपलं घेऊन उभी राहायची आणि ते तिच्याकडे सुसाट सुटायचे. म्हणून बाबांनी बेत केला, की पटाच्या दिवशीही आईने टोपलं घेऊन शेवटच्या झेंडीपाशी उभं राहायचं. बक्षीस घरातच!

पण पाहुणे आलेले असताना घरच्या बाईने उन्हात उभं राहावं, हे कुंदाच्या आईला कसं बघवेल? तिने आईचा हातच धरला. "काऊन उन्हात उभ्या बाई? इथी सावलीत बसा नं!"

आई बसली. पाहुण्यांच्या मांडवात. अर्ध्या वाटेवर. मांडीवर टोपलं!

झेंडी पडली आणि आमचे बैल असे सुटले, की शेजारची जोडी धुरळ्यात दिसेनाशी झाली. मी कुंदाकडे बघून हात हलवला. बैलांनी त्याच वेळी आईला पाहिलं.

"अरे, तिकडं कुठी?" मी ओरडलो.

"सरका! सरका!" मांडव ओरडला.

बैल टोपल्यापाशी येऊन शहाण्यासारखे थांबले. मी नाही थांबलो. मी उडालो तो शेजारच्या आलूबोंड्याच्या दुकानात, भिजवलेल्या बेसनाच्या घमेल्यात. (कढई हातभर लांब होती, म्हणून हे लिहितो आहे.)

बाबा धावत आले. "काऊन रे, दोरी कुठी हाये?"

"हातातच हाये!" खरंच होती. फक्त तिच्या दुसऱ्या टोकाला बैल नव्हते.

सोमाभाऊ उठले, बैलांभोवती फिरले. "काय धावतेत राजेहो! अन् मायवर केवढा जीव! आपल्याले पसंत हायेत."

"अन् पोरगा?" आईने विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या कानातून बेसन गळत होतं.

"त्याचं... पाहू नं."

मागोमाग सोयरीक येईल या आशेवर बाबांनी सोमाभाऊंना बैल देऊन टाकले. पोचवायला मीच गेलो, नवा शर्ट घालून. कुंदाने दारातच बैलांना ओवाळलं, कुंकू लावलं, आपल्या हाताने गूळ चारला. आता आपलाच नंबर! मी केस नीट केले आणि बैलांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. ती माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली,

"भाऊ, तुमी च्या घेऊनच जा!"