बाजूला सोंड असलेला हत्ती

सोमाजीभाऊंचा मुलगा ऐन उन्हात मोटारसायकलवर आमच्या सदर भागातल्या ऑफिसात आला, तेव्हा त्याचं तुळतुळीत डोकं पाहूनच मी काय ते समजलो. "बाबा गेले, काका. तेरवीले या," एवढंच तो म्हणाला. मी त्याला पाणी दिलं आणि बराच वेळ टेबलावरची पेन्सिल उगाच तासत बसलो. महिना उलटला, तरी मन थाऱ्यावर नाही.

सोमाजीभाऊ हिंगण्याचे सुतार. तान्ह्या पोळ्याला लहान पोरं मिरवतात ते चाकांचे लाकडी बैल करावेत तर त्यांनीच. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या भूगर्भ खात्याच्या ऑफिसात शाळकरी मुलांसाठी प्रदर्शन भरवायचं ठरलं. नर्मदेच्या खोऱ्यात मिळालेल्या हाडांवरून लाखो वर्षांपूर्वीचा हत्ती, स्टेगोडॉन, लाकडात करायचा होता. मी नवा ड्राफ्ट्समन, अंगात रग होती. हत्ती काय, दर गणपतीत पाहतो, म्हणून एका बाजूनं दिसेल असं ऐटबाज चित्र काढलं, खाली सुळ्यांची मापं लिहिली आणि ते घेऊन सायकलनं हिंगण्याला गेलो.

आठवड्यानं पुन्हा गेलो, तर सोमाजीभाऊ कोऱ्या ठोकळ्यासमोर नुसते बसलेले. ते फूटपट्टी वापरत नसत. मापाच्या काड्या तोडून ठेवत आणि त्या लाकडाला लावून पाहत. दोन्ही सुळ्यांच्या काड्या त्यांनी माझ्यासमोर लावून दाखवल्या. मधे बोटभर फट उरत होती.

"सोंड मधून घातली त जनावर उपाशी मरून जाईन, बाबू. हलवाले जागाच नाही."

मी ऐकून घेतलं आणि म्हणालो, काढलंय तसं करा. एका सुतारानं मला हत्ती शिकवावा, हे तेव्हा सहन झालं नाही, दुसरं काय!

त्यांनी मात्र जनावराला उपाशी ठेवलं नाही. हत्ती ऑफिसात आला तो सुळ्यावरून सोंड एका बाजूला टाकून, ऐसपैस उभा. मोठ्या साहेबांनी माझं चित्र शेजारी धरलं आणि विचारलं, हे असं कसं झालं? सोमाजीभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. काड्यांची गोष्ट तिथं दोघांनाच ठाऊक होती... मी म्हणालो, "माझं ड्रॉइंग बरोबर आहे, साहेब." सोंड कापून मधे बसवा, असा हुकूम झाला. ते मला जमणार नाही, असं शांतपणे सांगून सोमाजीभाऊंनी हत्ती सायकलच्या कॅरिअरला बांधला आणि निघून गेले. प्रदर्शनात माझं चित्र रंगवून लागलं, खाली माझी सही. ते अजून तिथंच आहे.

पुढं काही वर्षांनी कलकत्त्याहून एक विद्वान आले. चित्रापुढं थांबून हसले आणि म्हणाले, या प्राण्याचे सुळे इतके जवळ असत की सोंड बाजूनंच लोंबत असणार. माझे कान तापले. योगायोगानं दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. कबूल करायचं ठरवून मी हिंगण्याला गेलो. बैलांच्या रांगेत तो हत्ती! त्याला चाकं लावली होती आणि पोरं दोरी धरून ओढत होती. सोमाजीभाऊंनी मला खाटेवर बसवलं, चहा पाजला, पोरांच्या गमती सांगितल्या. मी चहा प्यायलो आणि प्रतापनगरला घरी परतलो. मग दर तान्ह्या पोळ्याला जाऊ लागलो. दरवेळी शब्द ओठांवर येत, आणि दरवेळी मी चहाच पिऊन येई. मी भित्रा माणूस आहे, दुसरं नाव नाही त्याला.

तेरवीला पंगती उठल्यावर सोमाजीभाऊंच्या पत्नी, वहिनी, एकट्या ओट्यावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मात्र मी सगळं बोललो. चूक माझी होती, सोमाजीभाऊंनी मला आधीच सांगितलं होतं, साहेबांपुढं मी खोटं बोललो.

"त्याइले ठावूक होतं, भाऊ," त्या म्हणाल्या. "दरसाल चहा ठेवाले सांगत अन् म्हणत, आज बाबू बोलन. तुमी गेले का म्हणत, राहू दे... पुढच्या साली येतेच तो."