रूम-पार्टनर

श्यामला दाबके फॉर्म आधी पेन्सिलीने भरत, मग पेनाने. न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्चच्या एका रुग्णालयात त्या एकोणीस वर्षं नर्स होत्या. निवृत्त झाल्यावर, २००३ पासून, दर मंगळवारी हॉर्नबीतल्या चर्चच्या हॉलमध्ये स्वयंसेवक म्हणून बसू लागल्या. खाण्यापिण्यासाठी ज्यांना सरकारी मदत मिळते त्यांची ती बंद पडू नये, एवढंच तिथलं काम. बहुतेकांची बंद पडते ती एखादं पत्र न उघडल्यामुळे किंवा एखादा रकाना कोरा राहिल्यामुळे. श्यामलाताईंच्या टेबलावर रकाना कोरा राहत नसे.

२००८च्या जूनमध्ये सुचित्रा आली. नवरा सोडून गेलेला, आठ वर्षांची मुलगी, पाठीच्या दुखण्याने पॅकिंगच्या कारखान्यातलं काम सुटलेलं. भाडं झेपावं म्हणून मागची खोली तिने शिरीष नावाच्या पुण्याच्या इंजिनिअरला दिली होती.

"घरात आणखी कोण?" श्यामलाताईंनी विचारलं.

"शिरीष. रूम-पार्टनर. भांडी मात्र मीच घासते हं!"

"म्हणजे नवऱ्यासारखाच की गं!"

दोघी हसल्या. श्यामलाताईंनी इंग्रजीत लिहिलं, पार्टनर. पुण्यात नर्सिंगच्या हॉस्टेलवर त्यांनाही एक पार्टनर होती, खोलीतली. न्यूझीलंडमध्ये पार्टनर म्हणजे जिच्याशी किंवा ज्याच्याशी संसार आहे ती व्यक्ती, हे रुग्णालयातल्या शेकडो फॉर्मांवरून त्यांना पाठ होतं. पण त्या क्षणी कान मराठी ऐकत होता आणि हात लिहीत होता. पेन्सिलीवरून पेन फिरलं. सुचित्राने सही केली.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. घरात कमावता जोडीदार आहे, सबब मदत बंद.

श्यामलाताई तिच्याबरोबर कार्यालयात गेल्या. चूक आपली आहे, असं त्यांनी लेखी दिलं. काउंटरवरची बाई नम्रपणे म्हणाली, सही अर्जदाराची आहे. आता दोघांचा संसार वेगळा आहे, असं त्या गृहस्थांनीही लिहून द्यावं.

शिरीषची बायको पुढच्या महिन्यात भारतातून यायची होती. श्यामलाताईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला,

"असल्या कागदावर माझं नाव? उद्या हा कागद तिच्या व्हिसाच्या फाइलीत गेला तर?"

"अरे, खरं तेच लिहायचंय."

"तुम्हीही खरं तेच लिहिलं होतंत ना, ताई? मग?"

त्याच शनिवारी तो खोली सोडून गेला. आता नवा अर्ज, नवी चौकशी, आणि भाडं सगळं सुचित्रावर. किमान पाच आठवडे, असं कार्यालयाने सांगितलं. मुलगी चार दिवस डबा आणत नाहीये, अशी शाळेतून चिठ्ठी आली.

पुढच्या मंगळवारी सुचित्रा हॉलमध्ये आली. श्यामलाताईंनी खुर्ची पुढे सरकवली. ती उभीच राहिली.

"राग नाही हं, ताई. पण मी पलीकडच्या टेबलावरच्या त्या गोऱ्या बाईंकडे बसते. तिथे मला सगळं इंग्रजीतच सांगावं लागेल."

त्या बाईंपुढे सहा जण होते. सुचित्रा सातवी बसली.