घागरीवरचं पिंपळपान

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि मी तिथल्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. ग्रंथालयात एक जाडजूड पुस्तक हाती लागलं, मेक्सिकोतल्या नाहुआ लोकांच्या जुन्या चित्रलिपीचं. माणसाच्या डोक्याशी बारीक रेघेनं जोडलेलं छोटं चित्र, तेच त्याचं नाव. मोठा मानकरी असला तर डोईवर तसा मुकुट. शेजारी बसलेले सर म्हणाले, "काय डोकं चालवलंय राव!" मी मात्र पुस्तक मिटलं. असली नावं मी चौदाव्या वर्षीच लिहून बसले होते.

तेव्हा मुखेडजवळच्या आमच्या गावात दुष्काळ होता. टँकरसाठी सकाळपासून घागरी रांगेत लागायच्या. सगळ्या मातीच्या, सारख्याच. गर्दीत कुणाची कोण उचलतंय कळायचं नाही, रोज भांडणं. चुलती म्हणाली, "तुला चित्रं येतात नव्हं? खुणा काढ की." बैलं विकली होती, त्यांच्या शिंगांचा रंग घरात उरला होता. मी कुणाला कासव काढलं, कुणाला करडईचं फूल, पाटलीणबाईंच्या घागरीवर तुऱ्याचा फेटा. बाया कौतुक करून राहिल्या होत्या आणि मी लई फुगले होते.

बौद्ध वस्तीची रांग वेगळी, मागं. तिथवर पाणी उरायचंच नाही. तिथली एक बाळंतीण आपली घागर गुपचूप आमच्या रांगेत सरकवायची, गर्दीत खपून जायचं. मी पाहिलं होतं, बोलले नव्हते. त्या दिवशी वाटलं, हिलाच का सोडायचं? तिच्या दारात पिंपळ होता. मी मोठी शहाणी, तिच्या घागरीवर झोकदार पान काढलं. तिनं घागर फिरवून पानाची बाजू मागं केली.

दुसऱ्या दिवशी टँकर यायच्या आधीच आमच्या रांगेत ती घागर फुटलेली होती. चुलती हात झटकत माझ्याकडं आली, रोज माझी वेणी घालायची तीच चुलती. पाठीवर थाप मारून म्हणाली, "बरं झालं बाई चित्रं काढलीस. न्हाई तर आमाला कळतंय कुठं, कोण घुसलंय ते."

मी पळत वस्तीत गेले. ती लेकराला घेऊन दारात बसली होती.

"मावशी, मी कुणाला सांगितलं न्हाई. शप्पथ."

"हाव," ती म्हणाली. "तुमी सांगितलं न्हाई."

लेकराच्या कोरड्या ओठांवरनं तिनं पदर फिरवला.

"तुमी लिवलं."